फलकावरचे चेहरे आणि कातळावरची नावे

सार्वजनिक जीवनात माणसाची पारख आता कामावरून होत नाही, दिसण्यावरून होते. निवडणूक ग्रामपंचायतीची असो वा लोकसभेची, उमेदवारीच्या चर्चेत पहिला प्रश्न असतो तो माणूस किती जणांच्या डोळ्यांपुढे आहे हा. त्याने केले काय, हा प्रश्न वेळ उरलाच तर विचारला जातो. या निकषाला मानसशास्त्राचा आधार देण्याचाही प्रघात पडला आहे. कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख असे व्यक्तिमत्त्वाचे प्रकार मांडले. त्याचा सोयीस्कर अर्थ असा लावण्यात आला की, बहिर्मुख माणूस हा जन्मजात पुढारी आणि अंतर्मुख माणूस फार तर त्याचा चिटणीस. माणसांचे प्रकार सांगणे निराळे आणि त्यांची प्रतवारी लावणे निराळे, हा साधा भेद येथे पुसला गेला आहे.

हा भेद ज्यांना कळत होता त्यांच्या खुणा मावळातच आहेत. बेडसे येथील डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत एक नाव नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे आहे. दुसरे पाण्याचे टाके दान देणाऱ्या सामडिनिका या महारठिनीचे. तिसरे नाव गोभूतीचे. हा भिक्षू अरण्यात राहणारा, भिक्षेवर जगणारा, म्हणजे आजच्या हिशेबाने पूर्णपणे अदृश्य माणूस. परंतु त्याच्या शिष्याने त्याचा स्तूप उभारला आणि त्यावर त्याचे नाव कोरले. धनिकाचा मुलगा, सरदारघराण्यातील स्त्री आणि अरण्यवासी भिक्षू यांना एकाच कातळावर जागा मिळाली. ज्या पाथरवटांनी तो कातळ फोडला त्यांचे नाव मात्र तेथे नाही, हेही विसरता कामा नये. दृश्यतेतील विषमता काही आजची नव्हे.

याच बौद्ध परंपरेत पुढे पाचव्या शतकात बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ रचला. धर्मानंद कोसंबींनी ज्याचे साक्षेपाने संपादन केले तो हाच ग्रंथ. त्यात स्वभावाचे सहा प्रकार सांगितले आहेत: राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क यांनुसार. परंतु त्यांपैकी श्रेष्ठ कोण, हे ठरवण्यासाठी ही विभागणी नाही. कोणाला कोणती साधना व कसले निवासस्थान मानवेल, हे त्यावरून ठरवायचे. ज्याचे मन आसक्तीकडे धावते त्याला साधी, ओबडधोबड जागा द्यावी आणि ज्याला लवकर क्रोध येतो त्याला प्रसन्न जागा द्यावी, असा तो विचार आहे. आजचे पक्ष नेमके उलट करतात. ज्याला मिरवण्याची आसक्ती त्यालाच सर्वांत सजवलेले व्यासपीठ देतात, आणि मग त्याची आसक्ती वाढली म्हणून हळहळतात.

वस्तुतः दृश्यता हा स्वभावाचा गुण नसून विकत मिळणारी वस्तू आहे. फलक, मंडप, गाड्यांचा ताफा, वृत्तपत्राची पुरवणी, दूरचित्रवाणीवरील वेळ या प्रत्येकाला किंमत पडते. ज्याच्याकडे जमीनविक्रीचा वा ठेक्याचा पैसा आहे त्याचे 'व्यक्तिमत्त्व' आपोआप भारदस्त होते. स्त्रियांसाठी राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचाच्या फलकावर तिच्याहून मोठे छायाचित्र तिच्या पतीचे असते, ते काय तो बहिर्मुख आहे म्हणून? आणि जेथे खाजगी पैसा अपुरा पडतो तेथे सरकारी तिजोरी आहेच. शासकीय जाहिरातींतील पुढाऱ्यांच्या छायाचित्रांवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये कडक निर्बंध घातले. राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश एवढेच अपवाद ठेवले. राज्ये व केंद्र सरकार फेरविचारासाठी धावली आणि मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री व मंत्री यांच्या चेहऱ्यांना पुन्हा वाट मिळाली. त्या धावपळीत लोकांच्या कोणत्या गरजेचा प्रश्न होता?

याच्या उलट उदाहरण वि. स. पागे यांचे. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते; पक्ष काँग्रेस. तासगाव तालुक्यातील प्रयोगातून त्यांनी रोजगार हमीची कल्पना घडवली. दुष्काळात ती राज्यभर पसरली, तिच्या खर्चासाठी १९७५ साली शहरातील कमावत्या वर्गावर व्यवसाय कर बसला, १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २००५ साली तोच विचार देशाच्या कायद्यात आला. खडी फोडणाऱ्या हातांना कामाचा हक्क मिळवून देणाऱ्या या माणसाचा चेहरा महाराष्ट्रातील किती तरुणांना ओळखता येईल?

यावर आक्षेप घेतला जाईल की, लोकचळवळीला गर्जना लागतेच. लागते, यात शंका नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांची वाणी आणि अमर शेखांचा आवाज नसता तर मैदाने भरली नसती. पण नाना मतांच्या पक्षांना समितीत एकत्र ठेवण्याचे खटाटोपाचे काम सरचिटणीस एस. एम. जोशींनी केले. लढ्याला दोन्ही स्वभाव हवे होते. आज एकालाच बाजारभाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना विभूतिपूजेवर आणि ती पोसणाऱ्या वृत्तपत्रांवर कोरडे ओढले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी राजकारणातील भक्तीची परिणती हुकूमशाहीत होते, असे बजावले.

तेव्हा उपाय स्वभाव बदलण्यात नाही, मोजमाप बदलण्यात आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामावर हयात पुढाऱ्याचे छायाचित्र नको. खर्च, ठेकेदार, मुदत आणि कामावरील मजुरांची संख्या लिहावी. उमेदवारी देताना पाच वर्षांची सभांतील हजेरी आणि समित्यांतील काम पक्षांनी मतदारांपुढे ठेवावे. निदान जे पक्ष स्वतःला समाजवादी म्हणवतात त्यांनी तरी याची सुरुवात स्वतःपासून करावी. संपत्तीच्या केंद्रीकरणाविरुद्ध बोलायचे आणि प्रसिद्धीचे केंद्रीकरण आपल्याच घरात पोसायचे, ही विसंगती फार काळ झाकून राहणार नाही.