लहान छेदाआधीची मोठी दक्षता

नवजात बालकाला ४८ तासांत पहिली शी झाली नाही, पोट फुगले, उलटी हिरवी झाली, तरीही ‘होईल हळूहळू’ म्हणत घुटी पाजत राहणे जिवावर बेतू शकते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी जन्मतःच नसल्या, तर तो भाग सैलावत नाही व मळ अडून राहतो. कोपनहेगनचे डॉ. हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली वर्णिलेला हा विकार सुमारे ५,००० बालकांत एकाला होतो.

सदोष भाग काढून निरोगी आतडे गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया स्वेन्सन यांनी १९४८ साली मांडली. तिच्यासाठी पोट उघडावे लागे. १९९५ साली जॉर्जसन यांनी दुर्बिणीची पद्धत मांडली. १९९८ साली केवळ गुदमार्गाने ती करण्याची पद्धतही पुढे आली. व्रण नाममात्र उरला.

ही प्रगती स्वागतार्हच. परंतु निदानच लांबले तर तिचा उपयोग काय? आतड्याला सूज येऊन खंगलेल्या मुलासाठी अनेकदा आधी पोटावर तात्पुरता मलमार्ग काढावा लागतो. त्यात लाज कसली? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत नऊ जन्मजात दोष होते. हा विकार त्यांत नव्हता. ही उणीव भरण्यास मोठा खर्च नको. पहिल्या शीची वेळ नोंदविल्यावाचून कोणत्याही प्रसूतिगृहाने बाळाला घरी पाठवू नये. कुशल शल्यविशारदाची दुर्बीण आतडे पाहते. पण बाळाकडे आधी पाहायचे असते ते आई, आजी आणि परिचारिकेने.