ओव्हनचा दरवाजा उघडण्यापूर्वी

दिवाळीला जेमतेम आठवडा उरला असताना एक आजी दवाखान्यात आल्या. वय ७४ वर्षे, निवृत्त शिक्षिका, मधुमेह १८ वर्षांचा. उजव्या हातावर, मनगटाच्या थोडे वर, बोटभर रुंदीचा आडवा चट्टा होता आणि त्यावर हळद व टूथपेस्ट यांचा वाळलेला लेप. लेप भिजवून काढला तेव्हा खाली पू झालेला दिसला. तीन दिवसांपूर्वी ओव्हनमधून नानकटाईचा ट्रे बाहेर काढताना वरच्या तापलेल्या जाळीचा चटका बसला होता. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून आजींनी घरात कोणाला सांगितले नव्हते.

बरोबर आलेल्या सूनबाई काळजीने म्हणाल्या, “डॉक्टर, आता तुम्हीच आईंना सांगा, ओव्हनला हात लावायचा नाही. आमचं त्या ऐकत नाहीत.” मी मान डोलावली आणि म्हणालो, “आजी, पुष्कळ केलंत. नानकटाई आता विकत मिळते.” आजी काही बोलल्या नाहीत.

दहा दिवसांनी जखम बरीच भरून आली होती. पण आजी मात्र कोमेजल्या होत्या. मी विचारपूस केली तेव्हा त्या म्हणाल्या, “हात बरा होतोय, डॉक्टर. पण घरात आता मी पाहुणी झाले.” हे वाक्य मला घरापर्यंत सोबत करीत आले. पुढचे ड्रेसिंग करण्याच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेलो आणि प्रथमच तो ओव्हन पाहिला. नव्या स्वयंपाकघरात तो ओट्याच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर बसवलेला होता. दरवाजा खाली उघडणारा. वर गॅसची शेगडी, त्यामुळे गरम ट्रे टेकवायला जवळ जागाच नाही. ट्रे हातात धरून तीन-चार पावले चालत जेवणाच्या टेबलापर्यंत जायचे. त्या कोपऱ्यात उजेडही बेताचाच.

वाचकहो, त्या क्षणी मी मनोमन ओशाळलो. लक्षण पाहून कारण न शोधता औषध लिहून देणे ही वैद्यकातली जुनी चूक आहे आणि ती मी केली होती. दोष आजींच्या वयात जेवढा होता, त्याहून अधिक त्या ओट्याच्या रचनेत होता.

ज्योत दिसते, उष्णता दिसत नाही

आज सत्तरीत असलेल्या पिढीने चूल, स्टोव्ह आणि गॅस अशी तिन्ही स्थित्यंतरे पाहिली. दिवाळीपूर्वी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचे आणि तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून डबे भरून आणायचे, हेही अनेकांना आठवत असेल. तेव्हा भट्टीची धग बेकरीवाला सांभाळत असे. आता ती भट्टी आपल्या ओट्याखाली आली आहे.

गॅसची ज्योत डोळ्यांना दिसते, म्हणून हात आपोआप मागे येतो. ओव्हनची उष्णता मात्र दिसत नाही. आतले तापमान १८० अंश सेल्सिअस असते तेव्हाही जाळी आणि ट्रे थंड असल्यासारखेच दिसतात. बटण बंद केल्यानंतरही आतला भाग बराच वेळ तापलेला राहतो.

वयानुसार त्वचा पातळ होते, तिच्याखालची चरबीही कमी होते. त्यामुळे तरुणाला ज्या स्पर्शाने केवळ लाली येईल, त्याच स्पर्शाने वृद्धाला खोल भाजू शकते. दीर्घकाळच्या मधुमेहात हातापायांच्या नसा बधिर होतात, चटका जाणवतो तोही उशिरा, आणि झालेली जखम सावकाश भरते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उभे राहिल्यावर अंधारी येऊ शकते. नेमके तेव्हाच हातात गरम ट्रे असतो. मोतीबिंदूमुळे तापमानाचे आकडे पुसट दिसतात, ऐकू कमी येत असल्यास वेळ संपल्याची घंटा कानावर पडत नाही. हे सारे लक्षात घेऊन व्यवस्था केली, तर ओव्हन वापरण्यास वय ही मोठी अडचण ठरत नाही.

जागा आणि जोडणी

नवे स्वयंपाकघर करून घेणाऱ्यांना माझी पहिली विनंती अशी की, ओव्हन ओट्याखाली न बसवता भिंतीतल्या उभ्या कपाटात, कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर बसवावा. मधली जाळी कोपराच्या पातळीच्या जरा खाली आली म्हणजे ना वाकावे लागते, ना हात उंचावावा लागतो. शेजारी, हाताच्या अंतरावर, गरम ट्रे टेकवण्यापुरती मोकळी जागा हवीच. ओव्हन आधीच खाली बसवलेला असेल, तर जवळ एक भक्कम, न डगमगणारे बुटके टेबल ठेवावे आणि वर एक चांगला दिवा लावावा. समोर पायपुसणे अंथरू नये, ते सरकते.

अशा ओव्हनला साधारण २००० ते ३५०० वॉट वीज लागते. २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर ३००० वॉटचा ओव्हन सुमारे १३ अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग लागते. एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन कधीही चालवू नये. घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. ओव्हनला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, प्लग गरम लागला किंवा जळका वास आला, तर वीज बंद करून दुरुस्ती होईपर्यंत तो वापरू नये.

पेसमेकर बसवलेले रुग्ण मला नेहमी विचारतात. सुस्थितीतल्या, विजेवर चालणाऱ्या साध्या ओव्हनची त्यांनी भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याच ओट्यावर इंडक्शन शेगडी असेल, तर मात्र छाती आणि शेगडी यांत सुमारे दोन फुटांचे अंतर राखावे. घरी ऑक्सिजन घेणाऱ्यांनी ऑक्सिजन सुरू असताना गॅस किंवा ओव्हन यांच्याजवळ जाऊ नये.

वापरताना

आपल्या घरांत ओव्हनचे पुष्कळदा कपाट होते. तवे, कढया, केकची भांडी आणि कधी प्लॅस्टिकचे डबेसुद्धा त्यात विसावतात. मग रविवारी कोणीतरी आत न पाहता ओव्हन तापवायला लावतो आणि घर धुराने भरते. परदेशी मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण तिथे ओव्हन घरोघरी असतो. म्हणून बटण फिरवण्यापूर्वी दरवाजा उघडून आत पाहणे, हा पहिला नियम. ओव्हन रिकामा ठेवण्याची सवय त्याहून चांगली.

जाळी ओव्हन थंड असतानाच हव्या त्या खाचेत बसवावी. पदर खोचावा, ओढणी बाजूला ठेवावी, लांब बाह्या आवराव्यात, बांगड्या शक्यतो काढून ठेवाव्यात. दरवाजा उघडताना समोर वाकून न पाहता किंचित बाजूला उभे राहावे; आधी थोडासा उघडून वाफ जाऊ द्यावी, मग पूर्ण उघडावा. चष्म्यावर धुके बसले तर ते निघेपर्यंत थांबावे. ट्रे काढताना हात आत खोल घालण्याऐवजी जाळीच थोडी बाहेर ओढून घ्यावी.

हातात कोपरापर्यंत येणारे जाड आणि कोरडे हातमोजे असावेत. ओल्या मसोत्याने किंवा पदराने ट्रे धरण्याची सवय धोक्याची आहे. ओल्या कापडातून उष्णता झटकन हाताला पोहोचते. आजींना तर हातमोजे होते, पण मनगटापर्यंतचेच, आणि चटका नेमका त्याच्या वर बसला होता. गरम काचेचे भांडे ओल्या किंवा थंड ओट्यावर ठेवू नये, ते तडकते. लाकडी पाटावर किंवा जाड कोरड्या कापडावर ठेवावे. उघड्या दरवाजावर हात टेकून उठू नये आणि त्यावर जड भांडे ठेवू नये.

नजर कमी असल्यास नेहमी लागणाऱ्या तापमानाच्या खुणेवर ठळक रंगाचा ठिपका चिकटवावा. स्वयंपाकघराबाहेर जायचे असेल, तर छोटा टायमर सोबत न्यावा. घरात नातवंडे असतील तर चाइल्ड लॉक लावावा आणि ओव्हनसमोर तीन फुटांपर्यंत खेळायचे नाही, असा नियमच करावा. दरवाजाची काच बाहेरूनही तापते.

आत काही पेटलेच, तर दरवाजा उघडू नये. बटण आणि मुख्य वीज बंद करावी, दरवाजा बंदच ठेवावा. हवा न मिळाल्याने ज्वाळा विझते. पाणी ओतू नये. आग आटोक्यात येत नसेल, तर सर्वांनी बाहेर पडून १०१ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा.

निगा

सांडलेले तूप आणि चीज पुढच्या वेळी जळते, धूर करते आणि कधी पेटही घेते. त्यामुळे स्वच्छतेचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर, वीज बंद करून, आतून ओल्या कापडाने पुसावा. चिकट डागांवर खाण्याचा सोडा आणि पाणी यांची पेस्ट लावून रात्रभर ठेवावी व सकाळी पुसून काढावी. तापणाऱ्या कॉइलवर ती लावू नये. दरवाजाची काच तारेच्या घासणीने घासू नये. ओरखडे पडलेली काच पुढे उष्णतेने फुटू शकते.

बाजारातल्या काही ओव्हन क्लीनरमध्ये कॉस्टिक सोडा असतो. त्याचा फवारा डोळ्यांत गेल्यास डोळा कायमचा अधू होऊ शकतो, आणि दमेकऱ्यांना त्याच्या वाफेने धाप लागते. ज्येष्ठांनी तो वापरूच नये. काही महागड्या ओव्हनमध्ये सुमारे ५०० अंशांपर्यंत तापून आतली घाण जाळण्याची सोय असते. ती वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि दम्याच्या रुग्णांनी तसेच पाळीव पक्ष्यांनी त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावे.

तळाला ॲल्युमिनियमची फॉइल अंथरू नये. तिने उष्णता कोंडते आणि आतला लेप खराब होतो. दरवाजाचे रबर सैल झाले आहे का, बिजागरी डुगडुगते का, हे महिन्यातून एकदा पाहावे. ओव्हन बंद केल्यावरही आतला पंखा काही वेळ फिरत राहतो. तो थांबल्यावरच मुख्य बटण बंद करावे.

भाजल्यास

१. चटका बसताच तो भाग नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. घड्याळ लावूनच. सुरुवातीला हे सुचले नाही, तरी पहिल्या तीन तासांत केल्यास उपयोग होतो. त्या काळात वृद्धांचे उरलेले अंग पांघरुणाने उबदार ठेवावे.

२. सूज येण्यापूर्वीच अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे.

३. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नये.

४. स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने सैल झाकावे.

५. भाजलेली जागा रुग्णाच्या तळहाताएवढी किंवा मोठी असेल, चेहरा, हात, पाय, सांधा किंवा जननेंद्रिय भाजले असेल, कातडी पांढरी वा काळी पडून तिथे वेदनाच नसतील, तर लगेच रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. मधुमेही व्यक्तीने लहान चटकाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. धनुर्वाताच्या लसीबद्दल तेव्हाच विचारावे.

घरच्यांसाठी दोन शब्द

स्मृतिभ्रंश सुरू झालेला असेल, गॅस किंवा ओव्हन चालू राहिल्याचे प्रसंग वारंवार घडत असतील, तर बटण घरातल्या दुसऱ्या माणसाने हाताळावे. इथे भीड धरू नये. परंतु तेव्हाही पीठ मळणे, नानकटाई वळणे, तिच्यावर बदामाचा काप दाबणे ही कामे त्यांच्याच हाती राहू द्यावीत. बाकीच्या ज्येष्ठांच्या बाबतीत मनाई करण्यापूर्वी एकदा त्यांच्या शेजारी उभे राहून ते कसे काम करतात, ते पाहावे. बहुधा बदल माणसात नव्हे, जागेत करावा लागतो.

त्या आजींच्या घरी मुलाने ओव्हनशेजारी एक बुटके सागवानी टेबल करून ठेवले, वर दिवा लावला, कोपरापर्यंतचे हातमोजे आणले. ट्रे आत-बाहेर करण्याचे काम नातवाकडे आले. मिश्रण, भाजणीचा वेळ आणि रंगाचा अंदाज आजींकडे राहिला. चट्टा आता फिकट झाला आहे. मागच्या भेटीत सूनबाईंनी माझ्यासमोर तक्रार केली, “डॉक्टर, आई दर रविवारी ओव्हन लावतात.” आजी हसल्या. मी त्यांची साखर तपासली आणि स्वतः खायच्या नानकटाया तेवढ्या मोजून घेण्यास सांगितले.