तुमच्या नावाने चालणारी कात्री

'आजच्या मुलांना धीर नाही' हे वाक्य तुम्ही घरात, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत ऐकलं असेल आणि सोडूनही दिलं असेल. पण तेच वाक्य जुन्या चित्रफिती सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकलन कक्षात पोचलं की त्याची कात्री होते. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी ती चाललेली सगळ्यांनी पाहिली. बऱ्याच जणांनी टाळ्याही वाजवल्या.

त्या दिवशी 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानमालिका साठ वर्षांची झाली. वाढदिवसाला बीबीसीने एक जुनी कथा बाहेर काढली, 'द डालेक्स'. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ या काळात सात शनिवार चाललेली, पंचवीसेक मिनिटांच्या सात भागांची. जवळपास तीन तासांची ही कथा पंचाहत्तर मिनिटांवर आणली गेली. कृष्णधवल चित्रांत रंग भरले, नवं संगीत चढवलं, काही संवाद नव्याने मुद्रित केले आणि नव्या प्रेक्षकांपुढे ठेवलं. नवे प्रेक्षक म्हणजे तुम्ही. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

माझा आक्षेप या 'तुमच्यासाठी' शब्दावर आहे. कारण या मालिकेच्या इतिहासात प्रेक्षकांच्या वतीने परस्पर निर्णय घेण्याची ही पहिली वेळ नाही. पहिल्या वेळी काय झालं ते आधी सांगतो.

साठच्या दशकात बीबीसीच्या मालिका दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर मुद्रित होत. टेप महाग होती, आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम पुन्हा दाखवणं सोपं नव्हतं. पुढे रंगीत टीव्ही आला आणि कृष्णधवल कार्यक्रमांना कोण विचारणार, असा हिशेब झाला. टेपा पुसल्या गेल्या. परदेशी केंद्रांना विकण्यासाठी त्या टेपांवरून सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढलेल्या असत; विक्रीची मुदत संपल्यावर सत्तरच्या दशकात त्याही फेकायला लागले. पहिल्या सहा वर्षांत या मालिकेचे २५३ भाग दाखवले गेले होते. २०१३ सालच्या मोठ्या शोधानंतरही त्यांतल्या ९७ भागांचा पत्ता नव्हता.

यात कोणी खलनायक नव्हता, हीच त्यातली वाईट गोष्ट. टेपा सांभाळणाऱ्यांना वाटायचं, विक्री विभागाकडे फिल्म आहे की. विक्री विभागाला वाटायचं, मूळ प्रत संग्रहात असेलच. संग्रहाचं म्हणणं, आमचं काम फिल्मचं, व्हिडिओचं नाही. 'कुठेतरी आहेच' या एका समजुतीवर वर्षानुवर्षांचं काम नाहीसं झालं. ही समजूत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७८ साली इयन लेव्हाइन हा चाहता बीबीसीच्या विक्री विभागात पोचला, तेव्हा फेकण्यासाठी बाजूला काढलेल्या रिळांमध्ये एका कथेचे सातही भाग होते. त्याने खटपट करून ते वाचवले. कथा कोणती? 'द डालेक्स'. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कचऱ्याच्या वाटेवरून परत आणलेली तीच कथा वाढदिवसाच्या दिवशी निम्म्याहून अधिक कापली गेली.

आता तुमच्या वयाच्या लोकांकडे येऊ. हरवलेल्या त्या ९७ भागांपैकी प्रत्येकाचा आवाज आज उपलब्ध आहे. तो बीबीसीने जपलेला नाही. साठच्या दशकात काही चाहते घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसायचे, काही जण थेट टीव्हीला वायर जोडून आवाज उतरवून घ्यायचे. त्यांतले काही शाळकरी वयाचे होते. घरात कोणी बोलू नये म्हणून दर शनिवारी काय आरडाओरडा होत असेल, याची कल्पना करा. शिवाय जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून ते कलाकार-दिग्दर्शकांना विकत. कित्येक हरवलेल्या भागांचं दृश्यरूप आज फक्त त्या फोटोंमधून कळतं. ज्या पिढीला धीर नाही म्हणून हिणवलं जातं, त्याच वयाच्या पोरांनी संस्थेपेक्षा जास्त जपून ठेवलं. आणि त्यांनी अख्खं जपलं. कंटाळवाणा वाटलेला प्रसंग आला म्हणून कोणी रेकॉर्डर बंद केला नाही.

ऑस्ट्रेलियातली गंमत वेगळीच. तिथल्या सेन्सॉरने हिंसक किंवा भीतिदायक वाटलेले तुकडे कापून काढले होते. भाग हरवले, पण कापलेले तुकडे सरकारी दप्तरात नीट राहिले. १९९६ साली ते राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले, आणि २००४ साली 'लॉस्ट इन टाइम' या डीव्हीडी संचात लोकांनी ते पाहिले. त्या कात्रीने निदान कापलेलं ठेवून तरी दिलं.

अख्खं मिळालं की काय होतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'. १९६७ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सहा भागांची कथा. कित्येक वर्षं तिचा फक्त तिसरा भाग शिल्लक होता, आणि नेमका तोच रेंगाळलेला. त्या एका भागावरून चाहत्यांनी अख्खी कथा मध्यम दर्जाची ठरवून टाकली होती. मग फिलिप मॉरिस या शोधकाला नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्रात या कथेची आणि 'द वेब ऑफ फिअर'ची रिळं सापडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ही बातमी जाहीर झाली. नऊ हरवलेले भाग एका दमात परत आले. लगेच ते डाउनलोडसाठी आले, पाठोपाठ डीव्हीडीवर. आणि कळलं काय? पॅट्रिक ट्राउटन यात दुहेरी भूमिकेत आहे, एकदा डॉक्टर आणि एकदा सालामँडर नावाचा हुकूमशहा, आणि कथा मध्यावर असं वळण घेते की तिसऱ्या भागावरून त्याचा अंदाजच येऊ नये. रेंगाळलेला भाग त्या वळणाची तयारी होता. एका रात्रीत या कथेची पत बदलली.

उलटंही होतं. 'द टूम ऑफ द सायबरमेन' हरवलेली होती तोवर दंतकथा होती. १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगहून ती परत आली, पुढच्या वर्षी व्हीएचएसवर निघाली आणि 'एवढी काही थोर नाही' असं म्हणणारेही निघाले. म्हणू देत. समोर अख्खी कथा ठेवून वाद घालता येतो.

इथे कोणी म्हणेल, मग जुन्याला हातच लावायचा नाही का? लावायचा. सापडलेली फिल्म ओरखडे, धूळ आणि थरथर घेऊनच येते. ती काढणं म्हणजे चष्मा पुसणं. त्यापुढेही जाता येतं. व्हिडिओवर मूळ कार्यक्रमाची हालचाल सेकंदाला पन्नास टप्प्यांत टिपलेली असे, तर फिल्मवर उतरवताना पंचवीस चौकटी उरत. म्हणून सापडलेल्या प्रती सिनेमासारख्या दिसतात. १९६७ साली घराघरांत दिसलेला तो जिवंत, गुळगुळीत टीव्ही त्यांत नसतो. 'विडफायर' नावाच्या प्रक्रियेत मधले टप्पे संगणकाने काढून ती हालचाल परत आणली जाते. मधली चित्रं खरी नाहीत, गणिताने काढलेली आहेत, हे कबूल. पण ती कुठे पोचवतात? त्या शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकाने जे पाहिलं तिथे.

रंगांचं तर आणखी सुंदर. सत्तरच्या दशकातल्या काही रंगीत भागांच्या फक्त कृष्णधवल फिल्म उरल्या होत्या. पण रंगीत संकेत गाळून न टाकताच त्या प्रती काढल्या गेल्या होत्या, त्यामुळे चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटलेली होती. कित्येक वर्षं तो दोष समजला गेला. मग तंत्रज्ञांच्या लक्षात आलं की या ठिपक्यांत मूळ रंग दडलेले आहेत, आणि त्यांवरून रंग परत काढता येतात. १९७१ च्या 'द माइंड ऑफ ईव्हिल'चे पाच भाग असे रंगीत झाले. पहिल्या भागात ठिपके नव्हते, म्हणून त्याचे रंग हाताने भरावे लागले. २०१३ साली ही कथा डीव्हीडीवर आली. याला मी जीर्णोद्धार म्हणतो. तिथे जे होतं तेच शोधून बाहेर आणलेलं.

आपल्याकडे जीर्णोद्धार या शब्दाचा दुसरा अर्थही रूढ आहे. गावातल्या हेमाडपंती देवळाच्या काळ्या पाषाणाला ऑइल पेंट फासायचा, गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवायची आणि देणगीदारांच्या नावांची पाटी लावायची. देऊळ तेच असतं, देवही तोच. भाविकांना आवडतंही. 'द डालेक्स' पंचाहत्तर मिनिटांत पाहताना मला ती फरशी आठवते. रंग काळजीपूर्वक भरलेत, हे मान्य. पण १९६३ च्या त्या स्टुडिओत कॅमेऱ्यासाठी रंग नव्हतेच. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना सगळं काळ्या-पांढऱ्याचा विचार करून केलेलं होतं.

आणि गेलं काय ते पाहा. पहिल्या भागाच्या शेवटी बार्बरा ही शिक्षिका एका धातूच्या निर्जन शहरात एकटी चुकते. एकसारख्या मार्गिका, मागे बंद होणारी दारं. घाई नाही. शेवटी ती भिंतीला टेकते, कॅमेरा तिच्यावर चालून येतो, चौकटीत फक्त एक यांत्रिक हात दिसतो, ती किंचाळते. भाग संपला. त्या हातामागे काय आहे हे बघायला २१ डिसेंबरच्या प्रेक्षकाला २८ डिसेंबरची वाट पाहावी लागली. जॅकलिन हिलचा तो चेहरा आणि ती आठवड्याची वाट, यातून डालेक जन्माला आले; रेमंड क्युसिकने काढलेला आराखडा लोकांनी नंतर पाहिला. सलग पंचाहत्तर मिनिटांत वाट पाहायला जागाच नाही. राक्षस पोचतो, भीती पोचत नाही.

तुम्हाला सात भाग झेपणार नाहीत हे कोणी ठरवलं? तुमच्यातले लोक रात्री दोन वाजेपर्यंत कोरियन मालिकेचे सोळा तास संपवतात. तीन-तीन तासांचे पॉडकास्ट बसमध्ये ऐकतात. एखाद्या गेमच्या इतिहासावरचा चार तासांचा व्हिडिओ दोनदा पाहतात. धीर नसण्याचा आरोप ठेवायला फिर्यादीकडे पुरावा काय?

तरी डिसेंबर २०२४ मध्ये दुसरी कथा आली. 'द वॉर गेम्स', १९६९ ची, दहा भागांची. तिची नव्वद मिनिटं केली, तिलाही रंग दिले. मूळ कथेच्या शेवटी दुसऱ्या डॉक्टरचं तिसऱ्यात रूपांतर पडद्यावर दिसतच नाही. तो अंधारात फिरत नाहीसा होतो. तेवढं मोकळं सोडणंही सहन झालं नाही. तो प्रसंग नव्याने रचून जोडला गेला. आता ज्यांनी मूळ पाहिलं नाही त्यांना वाटणार, १९६९ साली हे असंच होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'मूळ भाग कुठे नष्ट केलेत? ते आहेतच की.' आहेत, आणि त्यांची उत्तम दुरुस्ती केलेल्या डीव्हीडीही निघाल्या आहेत. पण 'आहेतच की' हे आपण एकदा ऐकलेलं आहे. वाढदिवसाचा मान कुणाला मिळाला, जाहिरात कशाची झाली, नवीन माणसाच्या हाती पहिल्यांदा काय पडलं, यावर पुढे काय टिकणार ते ठरतं. मागणीच नाही म्हणून कपाटात गेलेलं पुढचा कोणीतरी हिशेबनीस परत एकदा तपासायला घेतोच.

मी बंदी मागत नाही. करा ना रंगीत, करा छोटं, हवं तर गाणीही घाला. 'स्टार ट्रेक'च्या साठच्या दशकातल्या भागांना २००६ पासून नवी संगणकीय दृश्यं बसवली. पण २००९ पासून निघालेल्या ब्लू-रेवर एक बटण दिलं, जुनं हवं की नवं, प्रेक्षकाने ठरवावं. एवढंच मागणं आहे. जिथे छोटी आवृत्ती, तिथेच, त्याच पडद्यावर, तितक्याच मोठ्या अक्षरांत अख्खी. 'द वेब ऑफ फिअर'चा तिसरा भाग सापडला नाही, तेव्हा २०१४ च्या डीव्हीडीवर फोटो आणि मूळ आवाज जोडून तो दाखवला होता. पाहायला अवघड जातो. पण इथे भोक आहे, हे तो लपवत नाही. २०२१ च्या आवृत्तीत त्याच भागाचं ॲनिमेशन आलं, आणि ते ॲनिमेशन आहे हे शाळकरी पोरालाही कळतं.

हे कपाटाचं प्रकरण नुसतं भीतीपोटी सांगत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने आपल्या आयप्लेअरवर या मालिकेचे आठशेहून अधिक भाग एकत्र आणले. त्यात मालिकेची पहिलीच कथा नव्हती. 'ॲन अनअर्थली चाइल्ड', लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी वयाच्या पंचविशीत दिग्दर्शित केलेली. पटकथाकार अँथनी कोबर्न यांच्या वारसाने परवानगी नाकारली होती. फिल्म शाबूत, दुरुस्ती झालेली, आणि तरीही पडद्यावर नाही. ज्यांच्याकडे २००६ सालचा 'द बिगिनिंग' हा डीव्हीडी संच होता, त्यांनी तो काढला आणि साठाव्या वाढदिवशी पहिला भाग पाहिला, पूर्ण, कृष्णधवल, पंचवीस मिनिटांचा.