तोंबाचे नाव उरले, तिचे नाही

पावसाने यंदाही शेतकऱ्याची गणिते चुकवली, कागद महागला, तरी अंक दिवाळीआधी तुमच्या हाती पडतो आहे. वर्षाचा आढावा एवढाच. कारण वर्षभर एक गोष्ट सलते आहे. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यावर मराठीत जे लिहिले जाते, त्याचे नायक विल्बरफोर्स आणि लिंकन. बायका येतात त्या शेवटच्या परिच्छेदात, 'स्त्रियांचाही वाटा होता' एवढे म्हणण्यापुरत्या. हा इतिहास अर्धा आहे, म्हणून चुकीचा आहे.

१७२१ साली पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'रॉबर्ट' या ब्रिस्टलच्या जहाजावर बंड झाले. अशा जहाजांवर पुरुषांना बेड्या घालून तळाशी डांबत. बायकांपासून धोका नाही असे समजून त्यांना बहुधा मोकळे सोडत. एका स्त्रीने त्याचाच फायदा घेतला. डेकवर किती खलाशी आहेत याची खबर तिने बंडाचा म्होरक्या तोंबा याला दिली, हातोडाही पोचवला. बंड फसले. तोंबाला बाजारात भाव होता, म्हणून फटक्यांवर सोडले. तिला मात्र अंगठ्यांना बांधून टांगले, चाबकाने झोडले आणि सगळ्यांदेखत सुऱ्यांनी चिरून मारले. नौदलाचा सर्जन जॉन अ‍ॅटकिन्स याने हे लिहून ठेवले. त्यात तोंबाचे नाव आहे, तिचे नाही.

पुरावाच नसेल तर इतिहासकाराने काय करावे, असे कोणी म्हणेल. पण पुरावा आहे; नाव गाळणाऱ्यानेच तो जपला आहे. शिवाय नावे ठाऊक असलेल्या स्त्रियांना तरी कुठे जागा मिळाली? ब्रिटनमधली पुढारी मंडळी टप्प्याटप्प्याने मुक्तीची भाषा बोलत होती, तेव्हा १८२४ साली एलिझाबेथ हेरिकने पुस्तिका काढून ताबडतोब मुक्ती मागितली. गुलामांच्या श्रमाची साखर घेऊ नका, हे सांगत ती लेस्टरमध्ये दारोदार फिरली. बायकांनी अशी घरोघर चळवळ करणे विल्बरफोर्सला शोभणारे वाटत नव्हते. १८३० मध्ये बर्मिंगहॅमच्या स्त्रियांनी गुलामगिरीविरोधी मुख्य संस्थेची वर्गणी थांबवण्याचा इशारा दिला, आणि संस्थेने 'टप्प्याटप्प्याने'चा आग्रह सोडला.

गुलामगिरी रद्द करणारा कायदा तर ब्रिटनमधल्या पुरुषांच्या संसदेनेच केला, हा दुसरा आक्षेप. खरे आहे, स्त्रियांना मतच नव्हते. पण १८३३ साली त्याच संसदेपुढे एक लाख ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज ठेवला गेला. त्याआधी, १८३१ मध्ये, बर्म्युडात गुलामीत जन्मलेल्या मेरी प्रिन्सने मिठागरातले हाल आणि मालकांचा मार स्वतः सांगून छापवला होता. मत नसलेल्यांनी मत असलेल्यांना हलवले, हे नेतृत्वच होय.

आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्यांना. त्या झटणाऱ्यांत स्त्रिया होत्या, हे मराठी वाचकाला कळायला हवे. या अंकातला स्त्रियांवरचा विभाग त्याची सुरुवात आहे. लेखकांना एकच विनंती: पुढच्या वर्षी कुठल्याही लढ्यावर लिहाल, तेव्हा खबर कोणी पोचवली, वर्गणी कोणी जमवली आणि शिक्षा कोणाला झाली, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा.