मुलांच्या खोलीतली बुरशी रंगाखाली झाकू नका

‘पावसाळ्यात भिंतीला ओल येणारच. दिवाळीला रंग काढला की जाईल.’ मुंबई-कोकणात दर जुलैत हे ऐकू येतं. ज्या भिंतीला चिकटून तान्हं मूल झोपतं तिच्याबद्दल कुणी असं बोललं, तर ते मला साफ अमान्य आहे.

रंगाने बुरशी झाकली जाते, मरत नाही. प्लास्टरमध्ये पाणी मुरत असेल तर नव्या रंगालाही फुगे येतात, पोपडे सुटतात आणि मागून तेच काळे ठिपके डोकावतात. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये अवाब इशाक या बाळाच्या वडिलांनी 2017 मध्ये घरातल्या बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्यांनाही ‘वरून रंग मारा’ असंच सांगण्यात आलं होतं. डिसेंबर 2020 मध्ये अवाब दोन वर्षांचा असताना गेला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हेच मृत्यूचं कारण, असा निर्वाळा 2022 मध्ये मृत्यू-चौकशीत दिला गेला.

‘आम्ही अशाच घरात वाढलो, आम्हाला काय झालं?’ हा युक्तिवादही टिकत नाही. प्रत्येक मूल आजारी पडत नाही, हे खरं. पण ओलसर, बुरशीच्या घरांत खोकला, धाप आणि दम्याचा त्रास जास्त आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच नोंदवून ठेवलं आहे. आपण सुटलो म्हणून लेकरूही सुटेल, याची हमी कोण देणार?

घरगुती उपायांत तर काही उपाय रोगापेक्षा वाईट. धूप घातल्याने कुबट वास दबतो, पण मुलाच्या छातीत धूर जातो. कपाटातल्या डांबरगोळ्यांनी जी6पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आणि ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड मिसळलं तर क्लोरिन वायू तयार होतो. हे मिश्रण कधीही, कुठेही करू नका.

मग करायचं काय? डाग मीटरभर लांब-रुंद जागेत मावत असेल तर घरी साफ करता येतो. आधी मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवा, दार लावा, खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा. एन-95 मास्क आणि हातमोजे घाला. कोरडा ब्रश किंवा झाडू मुळीच नको, त्याने बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकी टाकून द्या, भिंत पूर्ण वाळू द्या. मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते, म्हणून ती पुसून काढणं महत्त्वाचं. गादीत किंवा सॉफ्ट टॉयमध्ये बुरशी शिरली असेल तर जीव घट्ट करून ती वस्तू टाकावी. पसारा याहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवा.

पण पाणी कुठून येतं ते शोधलं नाही, तर हे सगळं महिनाभरात वाया जातं. वरच्या मजल्याचं न्हाणीघर, बाहेरच्या प्लास्टरची भेग, खिडकीची चौकट आधी बघा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका.

पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असेल, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी. सेक्रेटरींना जिन्यात गाठून सांगणं पुरेसं नाही. फोटो जोडून, तारीख घालून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुरुस्ती होईपर्यंत मुलाचा बिछाना त्या खोलीतून हलवा. एकच खोली असेल तर निदान समोरच्या कोरड्या भिंतीशी.