अर्धं राज्य नको

गोष्टींतल्या राजांवर माझा फार जुना राग आहे. आटपाट नगरातल्या या गृहस्थाला एक आवडती आणि एक नावडती अशा दोन राण्या असतात. कामधंदा म्हणाल तर शिकार. राक्षस मातला किंवा राजकन्या आजारी पडली, की हा दवंडी पिटवणार, 'जो कोणी उपाय करील त्याला अर्धं राज्य!' आणि त्या अर्ध्या राज्यातल्या माणसांना विचारतो कोण? गुराढोरांसकट दिली की संपलं!

परवा नातीनं झोपताना राजाची गोष्ट मागितली. म्हटलं, "आज खऱ्या राजाची सांगतो. औंधच्या."

"त्याच्याकडे उडता घोडा होता, आबा?"

"नव्हता. तो रोज सूर्यनमस्कार घालायचा."

नातीचा चेहरा पडला. शाळेत तिलाही ते घालावे लागतात.

मी नेटानं पुढे गेलो. भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. संस्थान ते केवढं? ७२ गावं, तीही इथे चार, तिथे चार अशी विखुरलेली. राजा चित्रं काढी, कीर्तन करी. कुंडलजवळच्या माळावर त्यानं लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली. यमाईच्या डोंगरावर त्यानं संग्रहालय उभं केलं. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे. एवढ्यात नातीनं पहिली जांभई दिली.

"आणि मग त्यानं राज्य देऊन टाकलं."

"अर्धं?"

"सगळं."

नात उठून बसली. "राक्षस कुणी मारला?"

"कुणीच नाही. राक्षसच नव्हता."

"मग दिलं कुणाला?"

"तिथल्याच लोकांना."

आता हे तिला कसं पटावं? आपल्या मोठ्यांना तरी कुठे पटलंय! मुलगा आप्पासाहेब, पोलंडहून आलेला मॉरिस फ्रीडमन नावाचा इंजिनियर आणि सेवाग्रामला बसलेले गांधीजी यांच्या सल्ल्यानं औंधची राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. कारभाराचा पाया गावची पंचायत. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत निघाली. तिला भिंत नाही, कैद्यांना बेड्या नाहीत. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची (१९५७) कल्पना तिथलीच. आटपाट नगर कुठे असलंच, तर ते आटपाडीच्या शिवारात असणार, असं माझं ठाम मत आहे.

शहाणे म्हणतील, संस्थानं जाणारच होती, यानं काय मोठंसं केलं? अहो, जाणार हे इतर पाचशेच्या वर संस्थानिकांनाही दिसत होतंच की! बहुतेकांनी हातची किल्ली १९४७ उजाडेपर्यंत सोडली नाही. राजा साधुसंत होता असं मीही म्हणत नाही. शाळेच्या पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेणाऱ्याला पोरांनी मनातल्या मनात काय म्हटलं असेल, ते माझ्या नातीला विचारा.

पण माझं भांडण त्याच्याशी नाही, तुमच्या-माझ्याशी आहे. घोडा, तलवार, मिशी दिसली की आपण गहिवरतो. राज्य घेणाऱ्यांचे पुतळे उभारतो, देणाऱ्याचं नाव आठवायला डोकं खाजवतो. साध्या नगरसेवकाच्या वाढदिवसालाही चौकातल्या फलकावर 'राजे' लिहितो. एका राजानं राज्य आपल्या हातात ठेवलं आणि आपण ते परत करायला राजा शोधत गल्लोगल्ली हिंडतोय! गावच्या ग्रामसभेला गणसंख्या भरत नाही म्हणून ती तहकूब होते. का? कारण आपण घरी बसून 'शिवाजी पुन्हा जन्माला यायला हवा' म्हणत असतो.

आपण म्हणजे मीही. आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत सेक्रेटरी कुणी व्हायचं हा प्रश्न निघणार असं कळलं, तेव्हा मी अर्ध्या जिन्यावरून परतलो होतो.

"आबा, राज्य दिल्यावर राजानं काय केलं?" नातीनं झोपेतच विचारलं.

"सकाळी उठून सूर्यनमस्कार घातले असतील."

"उद्या उडत्या घोड्याची सांगा हं," म्हणून ती कुशीवर वळली.

उद्या सांगीन. पण रविवारी नाही. रविवारी सोसायटीची सभा आहे आणि या खेपेला मला पूर्ण जिना उतरायचाय.