कुठली रूम, कुणाचं टेम्परेचर?

गेल्या जानेवारीत चंदगडला घरी गेलो होतो. जाताना पुण्याहून नाशिकच्या शिराझची एक बाटली नेली. रात्रीचे नऊ, पडवीत गार वारा, भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये १७ अंश. मटणाचा रस्सा, घरचे भाजलेले काजू आणि ही वाईन. काकांनी जन्मात पहिल्यांदा वाईन घेतली. दोन घोट घेऊन म्हणाले, "बरी लागतीय की रे!"

मे महिन्यात पुण्यात मित्रांबरोबर एका गच्चीवरच्या हॉटेलात तीच वाईन मागवली. पहिल्याच घोटाला नाकात स्पिरिटचा भपकारा! बाटलीला हात लावला तर कोमट. मी बर्फाची बादली मागितली. वेटर अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, रेड वाईन रूम टेम्परेचरलाच घेतात." टेबलावर हशा. एकजण म्हणाला, "अरे, चंदगड दिसतंय तुझं!"

मी ओशाळलो आणि बादली परत पाठवली. त्या ओशाळण्याचा राग आजही आहे, म्हणून हा लेख.

मंडळी, हे 'रूम टेम्परेचर' कुठल्या रूमचं? फ्रेंचांकडे त्याला 'शाँब्रे' म्हणतात, म्हणजे बाटली तळघरातून खोलीत आणून ठेवणं. तळघर १२ अंशांच्या आसपास, आणि खोली म्हणजे सेंट्रल हीटिंगच्या आधीची युरोपातली दगडी खोली, जेमतेम १६ ते १८ अंशांची. म्हणजे नियमाचा अर्थ होता, 'वाईन थोडी कमी गार करा'. आपण त्याचा अर्थ लावला, 'वाईन गार करूच नका'. आमच्या भाषेत सांगायचं तर १७ हा आकडा कुणीतरी 'रूम' नावाच्या व्हेरिएबलमध्ये टाकला, आणि आपण व्हेरिएबलचं नाव पाठ केलं, आकडा विसरलो. पुण्याच्या मे महिन्यात त्याच व्हेरिएबलची किंमत ३३ येते. वर "आमच्या मशीनवर तर चालतंय" म्हणायला फ्रान्स मोकळा!

बरं, हे नुसते चोचले नाहीत. वाईनमध्ये साधारण १३-१४ टक्के अल्कोहोल असतं. ती तापली की अल्कोहोल भराभर उडतं आणि फळांचा, मसाल्याचा वास त्याखाली दबून जातो. उलट थेट ४ अंशांच्या फ्रिजमधून काढून ओतली तर वास बाहेरच येत नाही, आणि टॅनिनचा तुरटपणा मात्र जीभ आवळतो. २००५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनात दिसलं, की गोडाची जाणीव पुढे पोचवणारी टीआरपीएम५ नावाची वाहिनी उष्णतेनं जास्त जोमात काम करते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून पाहा, गोडमिट्ट लागतं ते याचमुळे. फार गार वाईनमध्ये ही गोडी मागे पडते आणि कडू-तुरट तेवढं उरतं. म्हणून भारदस्त रेडला १६-१८, हलक्या रेडला १२-१४ अंश बरे.

"पण आमच्याकडे एसी आहे!" एसी २४ वर असतो हो. तरीही सहा अंश जास्तच.

करायचं काय? बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवेच्या फटी राहतात, पाणी मात्र बाटलीला सगळीकडून भिडतं. पंधरा मिनिटं पुरे. फ्रिजच वापरायचा तर तास-दीड तास आधी ठेवा. ग्लासात थोडी थोडी ओता, कारण आपल्या हवेत ती झपाट्यानं तापते. ग्लासात बर्फ मात्र टाकू नका, वाईन पांचट होते.

चंदगडहून तिलारी घाट उतरला की दोडामार्ग, आणि पुढे गोवा. तिथे उन्हाळ्यात काजूच्या बोंडांची उर्राक बर्फ आणि लिंबू-सोडा घालून घेतात. तिचं 'योग्य टेम्परेचर' कुणी पॅरिसला विचारत नाही. उकाड्यात जिभेला जे बरं लागलं तीच पद्धत झाली. मग वाईनच्या बाबतीतच आपली जीभ एवढी बिनभरवशाची कशी होते?

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वाईन म्हणजे दारू की नाही, संस्कृती बुडणार की शेतकरी तरणार... न पिणाऱ्यांशी माझं भांडण नाहीच. भांडण पिणाऱ्यांशी आहे. नाशिकच्या शेतकऱ्यानं पिकवलेल्या द्राक्षाची वाईन आपण कोमट करून पितो आणि वर म्हणतो, "इंडियन वाईनमध्ये काही दम नाही." बग आपल्या टेबलावर, शिव्या नाशिकला!

काकांना ना शाँब्रे माहीत, ना टॅनिन. त्यांनी फक्त घोट घेतला आणि जे लागलं ते सांगितलं. मला एवढंही जमलं नाही. पुढच्या वेळी वेटर हसला तर हसू दे, मित्र हसले तर हसू देत. बादली परत जाणार नाही.